उजवीकडचं पोर्ट

साडू वाईट असता तर द्वारपालाला फार बरं झालं असतं. वाईट माणसाला नावं ठेवता येतात, घरी आल्यावर बायकोसमोर त्याचे पाढे वाचता येतात, आणि मग जेवण अंगी लागतं. पण हा साडू पडला हसतमुख. सासूबाईंच्या गुडघ्याची आठवणीने चौकशी करणार, सासऱ्यांचा चष्मा दुरुस्तीला नेऊन देणार, आणि चारचौघांत द्वारपालाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "दादांमुळे मी या कंपनीत आहे." ते खरंही होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा नोकरीच्या शोधात होता, आणि द्वारपालाने स्वतः वरपर्यंत शब्द टाकून त्याला चिकटवून घेतला होता. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कसा मारून घेतला, हे त्याला पुढे रोज कामावर जाताना आठवायचं.

कंपनी लॅपटॉप बनवायची, महागातले आणि पातळ. थोरल्या साडूकडे लॅपटॉपच्या कडेची पोर्टं होती. चार्जर कुठून लागणार, कुठली केबल कुठे घुसणार, कुठलं पोर्ट राहणार आणि कुठलं जाणार, हे सगळं तो बघायचा, म्हणून तो द्वारपाल. धाकटा बाहेरचं रूप ठरवायचा. त्याच्या हातात काहीही द्या, तो फिरवून फिरवून बघणार आणि म्हणणार, अजून थोडं निघेल. आतला सर्किट बोर्ड करणाऱ्या बोर्डवाल्यांनी त्याचं नाव रंधा ठेवलं होतं. दोन्ही नावं थट्टेतलीच. पण रंधा म्हणताना लोक कौतुकाने हसतात आणि द्वारपाल म्हणताना नुसतेच हसतात, असं द्वारपालाचं पक्कं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पातळ लॅपटॉप दिसतो तेवढा पातळ नसतो, हे त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं. पोटात तो जाडच असतो, कारण बॅटरी आणि पंखा जाणार कुठे? मग त्याची कड खालून तिरकी तासायची. टेबलावर ठेवला की गिऱ्हाइकाला फक्त कड दिसते आणि ते म्हणतं, काय बारीक आहे हो! ही तासलेली कड म्हणजे रंध्याचा जीव की प्राण. आणि पोर्टाला तर हवी असते सरळ उभी भिंत. नव्या चार्जरची चपटी पोर्टं कशीबशी बसतात, पण प्रोजेक्टरची केबल लागते ते जुनं रुंद पोर्ट तिरक्या कडेत काही मावत नाही. ते ठेवायचं तर तेवढी बाजू जाड ठेवावी लागते. फरक नखाएवढाच, पण त्या नखासाठी दोन्ही साडू वर्षानुवर्षं भांडत आले होते. भांडायचे म्हणजे द्वारपाल भांडायचा. रंधा ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी जिंकायचा.

मागच्या मॉडेलात तसंच झालं. प्रोजेक्टरचं पोर्ट गेलं. लॅपटॉप बाजारात आला आणि जिकडे तिकडे त्या कडेचे फोटो झळकले. ज्यांना प्रोजेक्टर लावायचा असेल त्यांनी लॅपटॉप आणि केबल यांच्यामध्ये जोडायचं वेगळं डोंगल विकत घ्यावं असं ठरलं. हे बोटभर लांबीचं, शेपटीसारखी केबल लोंबणारं डोंगल काढायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं? द्वारपालाच्या. ज्या पोर्टासाठी तो घसा कोरडा करून भांडला, त्याची भरपाईही त्यानेच करायची. दात-ओठ खात त्याने ते डोंगल काढलं, आणि चांगलं काढलं, कारण वाईट काम त्याला जमत नव्हतं.

कंपनीची एक पद्धत होती. ज्याने जी वस्तू काढली, तिच्या पहिल्या खेपेतला एक नग त्याला घरी न्यायला मिळायचा. तेव्हा रंध्याला मिळाला लॅपटॉप आणि द्वारपालाला मिळालं डोंगल.

पुढच्याच रविवारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमले होते. रंध्याने तो लॅपटॉप बरोबर आणला होता. सासऱ्यांनी तो दोन बोटांत धरून उचलला, उलटा केला, कानाशी नेला.

"यात काही आहे की नुसतं झाकण?"

सगळे हसले. सासूबाईंनी पदराला हात पुसून कडेवरून बोट फिरवलं आणि मग थोरल्या जावयाकडे वळून विचारलं, "आणि तुमचं यात काय हो?"

द्वारपाल तोंड उघडणार तोच रंधा म्हणाला, "आई, असं काय विचारता! दादा नसते तर हा चार्जसुद्धा झाला नसता. एकदा वापरायचा आणि फेकायचा."

पुन्हा सगळे हसले. बायको तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतक्या वर्षांत आपल्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली होती, हे द्वारपाल आठवत बसला, आणि काही आठवेना. तेवढ्यात रंध्याने लॅपटॉप उचलून तिच्यापुढे धरला. "ताई, हा तुम्हाला. हिच्याकडे आहे एक," असं त्याने स्वतःच्या बायकोकडे मान वळवून सांगितलं. "तुमचा जुना किती जड आहे. कॉलेजला नेताना खांदा दुखतो ना तुमचा?"

खांदा दुखतो? द्वारपालाला हे माहीत नव्हतं. घरी गेल्यावर त्याने खिशातून ते डोंगल काढून बायकोला दिलं. "हे त्याच्याबरोबर लागेल," तो म्हणाला. ती "बरं झालं आणलंत" म्हणाली आणि तिने ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. शेवाळ हा तिचा विषय. पावसाळी भिंतीवरचं, विहिरीच्या काठावरचं, दगडावरचं हिरवं मखमली शेवाळ ती गुडघ्यावर बसून भिंगातून बघायची आणि त्याचे फोटो काढायची. अनेक वर्षांचे फोटो जमले होते. ते घेऊन ती त्या वर्षी एका मोठ्या परिषदेत बोलायला गेली. द्वारपाल गाडी चालवत बरोबर गेला आणि सभागृहात मागच्या रांगेत बसला. ती व्यासपीठावर चढली. तिथल्या माणसाने प्रोजेक्टरची केबल तिच्या हातात दिली. तिने लॅपटॉपची डावी कड बघितली, उजवी कड बघितली, मग पर्स उपसली. डोंगल घरी ड्रॉवरमध्ये होतं. आयोजकांनी दोघा-तिघांना विचारलं, कोणाकडेच तसलं नव्हतं, आणि फोटो दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उतरवायला वेळ नव्हता. "मॅडम, असंच बोला," कोणीतरी म्हणालं. केबल तशीच हातात धरून ती शेवाळाबद्दल असंच बोलली. न बघितलेल्या शेवाळाबद्दल लोक किती वेळ ऐकणार? पुढच्या रांगेतले दोघे उठून चहाला गेले.

परत येताना ती गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. द्वारपालाच्या मनात वेगळंच चाललं होतं. आता ही साडूला बोलेल, याची तो वाट बघत होता. एक वाक्य, निदान एक चिडका शब्द. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "दोष माझाच. मीच विसरले."

याने त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोर्ट कापणारा तो, हिची फजिती त्याच्यामुळे, आणि दोष हिचा! तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. पण त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की पुढच्या मॉडेलला हे पोर्ट असेलच. मग एक दिवस तो लॅपटॉप तो स्वतः तिला देईल, आणि ती केबल सरळ कडेत खुपसेल, आणि तिला कळेल की घरात कामाचा माणूस कोण आहे.

आणि पोर्ट आलं. नव्या मॉडेलच्या आराखड्यात, उजव्या बाजूला, बिजागरीच्या जरा अलीकडे. द्वारपालाने त्यासाठी पंख्याची जागा सरकवली, बॅटरीवाल्यांचे पाय धरले. विभागाच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, तोंडी होकार दिला. आता फक्त एक पायरी उरली होती, आणि ती बाईंची स्वतःची काढलेली होती.

बाईंचा अनुभव असा की माणसं स्वतःच्या बाजूने बोलायला लागली की ऐकायचं थांबतात. म्हणून आराखडा कारखान्यात जाण्याआधी त्या अदलाबदलीची बैठक घ्यायच्या. जो ज्याच्या विरुद्ध, त्याने त्याची बाजू मांडायची. पोर्टवाल्याने पातळपणासाठी भांडायचं आणि रूपवाल्याने पोर्टासाठी. स्वतःच्या बाजूने चकार शब्द काढायचा नाही. आणि कोणी अर्ध्या मनाने बोललं, हातचं राखून बोललं, असं बाईंना वाटलं, तर त्याचीच खरी बाजू बाद. बैठकीत जे ठरेल ते ठरलं, त्याच संध्याकाळी आराखडा रवाना.

बैठकीची तारीख लागली तशी रंध्याने खुर्ची ओढली आणि द्वारपालाच्या टेबलाशी येऊन बसला.

"दादा, मला शिकवा. तुमचं पोर्ट मला नीट मांडायचंय."

"त्यात शिकवायचं काय? आकडे फाइलमध्ये आहेत."

"आकडे वाचलेत. पण तुम्ही त्याच्यासाठी इतके जीव तोडून का भांडता, ते आकड्यांत नाही."

द्वारपालाने त्याच्याकडे बघितलं. त्या मोठ्या सभागृहाची गोष्ट त्याच्या जिभेवर आली होती. पण ती याला द्यायची? याच्या तोंडात? याने ती सांगायची, डोळे पाणावून, सगळ्या टेबलाने माना हलवायच्या, आणि पोर्टही मग याच्याच पुण्याईने राहायचं? "सवय आहे," एवढंच तो म्हणाला आणि पडद्याकडे वळला. रंधा खुर्ची जागेवर ठेवून गेला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी द्वारपाल घरी आला तर दाराशी साडूचे बूट होते. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येत होता. एवढा सलग तिचा आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तो आत गेला. टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते आणि बायकोचे डोळे लालसर दिसत होते.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काही नाही, त्यांच्या बैठकीचं विचारत होते," बायको कप उचलत म्हणाली. "तुमच्यासाठी टाकू का चहा?"

"येतो दादा," म्हणत रंधा उठला. जाताना त्याने नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला. तो हात गेल्यावरही द्वारपालाला खांदा झटकावासा वाटत राहिला. काय बोलणं झालं, हे बायकोला विचारायचं त्याच्या मनात होतं. पण विचारलं तर आपल्याला फरक पडतो हे दिसेल, म्हणून त्याने पेपर उघडला आणि त्याच पानावर बराच वेळ काढला.

बैठकीला सगळे होते. बॅटरीवाले, पंखेवाले, बोर्डवाले, विक्रीचा एक माणूस. टेबलाच्या मधोमध ॲल्युमिनियमचा पोकळ नमुना ठेवला होता, त्याच्या उजव्या कडेला पोर्टाची रुंद खाच होती. बाईंनी रंध्याला आधी बोलायला सांगितलं.

रंध्याने आकडे सांगितलेच नाहीत. तो म्हणाला, "मी एका बाईंना ओळखतो. त्या शिकवतात. त्यांच्याकडे आपला मागचा लॅपटॉप आहे. माझ्यामुळेच आहे."

कोणाबद्दल चाललंय, ते द्वारपालाच्या ताबडतोब लक्षात आलं. रंधा सांगत गेला. केबल हातात धरून उभी राहिलेली बाई. डावी कड, उजवी कड. पुढच्या रांगेतून उठून गेलेले दोघे. द्वारपालाने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण त्याला ते असं कधी सांगता आलं नसतं. त्याने सांगितलं असतं तर पोर्टाची रुंदी सांगितली असती.

"आपल्याला वाटतं, डोंगल विसरलं, एक कार्यक्रम फसला, संपलं," रंधा म्हणाला. "संपत नाही. त्या दिवसापासून त्या बाईंनी एकही आमंत्रण घेतलेलं नाही. त्यानंतर किती ठिकाणांहून बोलावलं. त्या तब्येतीचं कारण सांगून नाही म्हणतात. घरात कोणालाच माहीत नाही. मला सांगताना म्हणाल्या, पुन्हा ती केबल कोणी हातात देईल या विचारानेच माझे हात गार पडतात."

विक्रीचा माणूस नमुन्याच्या खाचेकडे बघत होता. प्रमुख बाईंनी चष्मा काढला.

घरात कोणालाच माहीत नाही. द्वारपालाच्या कानांत तेवढंच घुमत राहिलं. घरात दुसरं होतं कोण? तो एकटाच होता. एका छताखाली झोपणाऱ्या नवऱ्याला जे माहीत नाही, ते ह्याला माहीत. एक कप चहा पिऊन हा ते घेऊन आला आणि इथे सगळ्यांपुढे उलगडून बसला. पोर्ट राहणार, हे बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. द्वारपालाचं पोर्ट, त्याची इतक्या वर्षांची धडपड, आणि ते राहणार होतं साडूच्या मेहेरबानीने. पुढे जन्मभर सासऱ्यांकडच्या जेवणात हेच ऐकायचं होतं, की धाकट्यांनी कसं पोर्ट वाचवलं. हेवा गिळायला त्याला पाणी प्यावं लागलं.

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या. "पातळपणाच्या बाजूने. आणि मनापासून."

तो उठला. आणि मनापासून बोलला. पोर्टाची सगळी पापं त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? ती इतकी वर्षं त्यानेच झाकली होती. त्याने सांगितलं की हे पोर्ट शंभरातले मोजके लोक वापरतात आणि बाकीच्यांच्या पोर्टात धूळ साचते. ताठ केबल ओढली गेली की बोर्डावरचे सोल्डरचे टाके कसे सुटतात ते सांगितलं. पोर्ट काढलं तर बॅटरी किती वाढते ते सांगितलं. बॅटरीवाल्यांनी कान टवकारले. तो बोलत गेला तसा त्याला चेव चढत गेला. मग त्याने रंध्याकडे बघितलं आणि म्हणाला:

"आणि त्या बाईंचं वाईट वाटतं. पण डोंगल घरी कोण विसरलं? त्याच विसरल्या ना? एक माणूस विसराळू आहे म्हणून सगळ्यांचा लॅपटॉप जाड करायचा का?"

रंध्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाई कोण, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं.

द्वारपाल तिथे थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. तो नमुना त्याने हातात घेतला. "पोर्टाच्या वर उरणारा हा पत्रा बघा. पापुद्रा आहे. लॅपटॉप या कोपऱ्यावर पडला तर हा आत दबतो आणि पोर्ट कायमचं मिटतं. मी स्वतः पाडून बघितलंय."

ही चाचणी त्याने एकट्याने केली होती. तिचा निकाल कोणाला सांगितला नव्हता, कारण आधी त्याला उपाय काढायचा होता. उपाय काढूनही झाला होता. पत्र्याखाली बसवायची पोलादाची एक बारीक पट्टी. ती त्याच्या टेबलाच्या खणात तयार पडली होती.

बाई रंध्याकडे वळल्या. "पोर्टाच्या बाजूने तुम्ही. याला काय उत्तर आहे?"

रंध्याने नमुना घेतला, पत्र्यावर अंगठा दाबला. मग त्याने द्वारपालाकडे बघितलं. "दादा?" तो हळूच म्हणाला. त्या एका शब्दात विनंती होती, आणि ती द्वारपालाला नीट कळली. याला काहीतरी उत्तर असणार, आणि ते तुमच्याकडे असणार, एवढा भरवसा त्या पोराच्या डोळ्यांत होता.

द्वारपाल गप्प बसला. स्वतःच्या बाजूने चकार शब्द काढायचा नाही, असा नियमच होता.

"माझ्याकडे उत्तर नाही," रंधा म्हणाला.

बाईंनी चष्मा परत चढवला. "जो माणूस या पोर्टासाठी इतकी वर्षं भांडतोय, त्यालाच जर हे दिसतंय, तर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या. "पोर्ट काढा." आणि द्वारपालाला म्हणाल्या, "तुमच्याइतक्या मोकळ्या मनाने आजपर्यंत या बैठकीत कोणी बोललेलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोर्डवाल्याने पाठ थोपटली. आराखडा त्याच संध्याकाळी कारखान्यात गेला, उजवी कड गुळगुळीत घेऊन. रंधा कोणाशी न बोलता बाहेर पडला.

जिंकल्याचा आनंद द्वारपालाला घरापर्यंत पुरला नाही. आपण नक्की काय जिंकलो हेच त्याला गाडीत बसल्यावर सांगता येईना.

दार बायकोनेच उघडलं. ती खुशीत होती. टेबलावर शेवाळाचे फोटो पसरले होते, काही ओळीत लावले होते, काही बाजूला काढले होते.

"मी आज होकार कळवला," ती म्हणाली. "एक मोठं भाषण आहे, पुढच्या वर्षी. तोवर तुमचं नवं मॉडेल येईल ना? धाकटे म्हणाले, ताई, पोर्ट राहणार, मी स्वतः भांडणार आहे, तुम्ही बिनधास्त हो म्हणा." तिने एक फोटो उचलून दिव्याखाली धरला. "काय झालं आज? राहिलं ना?"

"गेलं," तो म्हणाला.

तिचा हात खाली आला. "गेलं? कोण नडलं?" आणि त्याने उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "तेच ना? धाकटेच ना? शेवटी आपली कड सोडवेना त्यांना. आणि इथे बसून माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कसला गोडबोल्या माणूस आहे हो! तुम्हाला ते का पटत नाहीत, ते आज कळलं."

ज्या वाक्याची द्वारपालाने त्या गाडीत वाट बघितली होती, आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी बघितली होती, ते वाक्य हे. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे थोडा वेळ तरी ऐकावं असं त्याला वाटलं.

पण बायको ऐकवून थांबणारी नव्हती. तिने फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि फोटो गोळा करता करता बोलायला लागली. "तुमच्या शब्दावर मी होकार कळवून बसले. आणि तुम्हीच पोर्ट काढायला लावलंत? खरं सांगा, तुमच्यामुळेच गेलं ना ते?"

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"हो ताई," रंधा म्हणाला. "माझ्यामुळेच गेलं. दादांचा काही दोष नाही. चुकलो मी."

द्वारपाल बघतच राहिला. हा खोटं बोलत होता, आणि कोणासाठी, तर त्याच्यासाठी. दोषसुद्धा याने स्वतःकडे घेतला. उद्या हिचा राग ओसरेल, कधी ना कधी खरं बाहेर येईल, आणि मग हा आणखी मोठा होऊन बसेल. मोठ्या भावासारख्या साडूला पाठीशी घालणारा! जुना हेवा पुन्हा उफाळला, आणि यावेळी तो त्याला सोसवेना. एवढं तरी याला मिळू द्यायचं नाही, असं वाटून तो पुढे झाला आणि टेबलावर वाकला.

"खोटं बोलतोय तो," तो फोनच्या वर ओरडलाच. "मी नडलो. मी काढायला लावलं. उपाय होता माझ्या खणात, तो मी सांगितला नाही. आणि विसराळू म्हणालो मी तुला. भर बैठकीत."

पलीकडून "दादा, अहो..." एवढं ऐकू आलं. बायकोने फोन बंद केला. तिच्या हातात फोटोंचा गठ्ठा तसाच होता. ती त्याच्याकडे कधी न बघितल्यासारखं बघत होती.

"तुम्ही?" ती म्हणाली. "का पण? तुमचंच होतं ना ते पोर्ट?"

त्याच्या मनात पुष्कळ उत्तरं होती. पत्रा, बॅटरी, नियम. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं, आणि आवाजही एखाद्या रुसलेल्या पोरासारखा निघाला.

"तू भाषणाला नाही म्हणत होतीस. हात गार पडतात तुझे. हे मला त्याच्याकडून कळतं, सगळ्यांपुढे. मला का नाही सांगितलंस? त्याला का सांगितलंस?"

बायकोने फोटोंचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला आणि त्याला रबर लावलं.

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली.